शाळेच्या पाटीवर मलिक अंबरचं मेडल

पहिली गोष्ट, पाटी खरी घ्या, दगडाची. आता बाजारात प्लास्टिकच्या आणि पत्र्याच्याच जास्त मिळतात, पण जुन्या स्टेशनरीच्या दुकानात माळ्यावर लाकडी चौकटीची दगडी पाटी अजून पडलेली असते, काका जरा वर बघा की म्हणलं की काढून देतात. मी परभणीत शाळेत ड्रॉइंग शिकवते आणि दरवर्षी परीक्षा संपल्या की आठवी नववीच्या लेकरांकडून एक मोठं काम करून घेते, गेली काही वर्षं ते काम म्हणजे रेनेसाँसच्या, म्हणजे युरोपातल्या प्रबोधनकाळाच्या, पद्धतीचं पोर्ट्रेट मेडल. पाटी यासाठी की पंधराव्या शतकात इटलीत राजेरजवाड्यांची जी मेडल व्हायची त्यांचा पहिला नमुना मेणात करायचे आणि ते मेण बऱ्याचदा काळ्या दगडी पाटीच्या नाहीतर लाकडाच्या चकतीवर लावलेलं असायचं. काळ्यावर पिवळसर मेण, म्हणजे चेहऱ्याची कड एकदम स्पष्ट दिसते. ज्या पाटीवर आपण अ आ इ गिरवलं त्याच वस्तूवर तिकडं राजाचं नाक गिरवलं जायचं हे लेकरांना सांगितलं की त्यांचे डोळे बघण्यासारखे होतात.

बरेच जण विचारायलेत की हे घरी कसं करायचं, म्हणून सगळं एकदा सविस्तर लिहिते.

आधी हे मेडल म्हणजे काय ते डोक्यात पक्कं करा. खेळात जिंकल्यावर गळ्यात घालतात ते नाही, आणि नाणं पण नाही. त्याला बाजारात किंमत नसायची, त्याच्यावर काही विकत मिळायचं नाही. तळहातात मावेल एवढी धातूची जाड चकती, एका बाजूला माणसाचा बाजूनं दिसणारा चेहरा आणि नाव, मागच्या बाजूला एक चित्र, ते त्या माणसाबद्दल काहीतरी सांगणारं. राजा ती दुसऱ्या राजाला भेट द्यायचा, आपल्या माणसांना द्यायचा, हातात घेऊन फिरवून फिरवून बघायची वस्तू. नाणं तेव्हा टाकसाळीत ठशावर हातोडा मारून पाडायचे, ही मेडल सुरुवातीला साच्यात ओतलेली असायची, पुढं सोळाव्या शतकात स्क्रू प्रेसवर, म्हणजे स्क्रू फिरवून दाब देणाऱ्या यंत्रावर, ठोकलेली पण यायला लागली. ओतल्यामुळं आकार मोठा ठेवता यायचा, उठाव, म्हणजे सपाटीवरून वर आलेला भाग, जास्त देता यायचा आणि मेणात बोटानं जे केलं ते जसंच्या तसं धातूत उतरायचं.

सुरुवात केली पिसानेल्लोनं. खरं नाव अंतोनियो पिसानो, मूळचा चित्रकार. १४३८ मधे बायझंटाइन म्हणजे पूर्वेकडच्या रोमन साम्राज्याचा सम्राट आठवा जॉन पॅलिओलोगस इटलीत फेराराला आला, पूर्वेकडचं आणि पश्चिमेकडचं चर्च एक करायची बोलणी होती आणि बदल्यात त्याला तुर्कांविरुद्ध मदत पाहिजे होती. पिसानेल्लोनं त्याची पेनानं स्केचेस केली, ती आजही आहेत, काही पॅरिसच्या लूव्रमधे आणि काही शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमधे, आणि त्यावरून मेडल केलं. साधारण दहा सेंटीमीटर व्यास. पुढं सम्राटाचा चेहरा, टोकदार दाढी, डोक्यावर उंच घुमटासारखी टोपी आणि तिची पुढं चोचीसारखी निघालेली कड. मागं तोच सम्राट घोड्यावर, रस्त्याकडेच्या क्रूसापुढं हात जोडून थांबलेला, आणि बाजूला एक घोडा पाठमोरा, म्हणजे आपल्याला त्याचं पुट्ठं दिसतं. दहा सेंटीमीटरच्या चकतीवर पाठमोरा घोडा! ज्यानं कधी घोडा काढायचा प्रयत्न केलाय त्यालाच कळेल हे किती अवघडंय.

आता पहिला टप्पा, मेणाला हात लावायच्या आधी आठ दिवस फक्त बघायचं. वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरी ऑफ आर्टनं आणि न्यूयॉर्कच्या मेट म्युझियमनं आपल्या मेडलचे चांगले मोठे फोटो फुकट ठेवलेत, मोबाइलवर झूम करून बघा. मी लेकरांना प्रत्येक फोटोला तीन गोष्टी विचारते, चेहरा कुठं सगळ्यात जास्त वर आलाय, अक्षरं चेहऱ्याला धक्का न लावता कशी बसवलीत, आणि मागच्या चित्राचा पुढच्या माणसाशी काय संबंध. तिसऱ्या प्रश्नावर सगळ्यात जास्त वेळ द्या.

उदाहरण सांगते. फेराराचा राज्यकर्ता लिओनेल्लो देस्ते याचं १४४४ मधे अरागॉनच्या राजाच्या मुलीशी, मारियाशी लग्न झालं, त्याचं मेडल पिसानेल्लोनं केलं. मागच्या बाजूला एक सिंह उभाय आणि त्याच्यापुढं छोटा क्यूपिड, म्हणजे रोमन लोकांचा प्रेमाचा देव, सुरावटीचा कागद धरून त्याला गाणं शिकवतोय. लिओनेल्लो म्हणजे लहान सिंह, नावावरून केलेला खेळंय तो, आणि अर्थ असा की हा सिंह आता प्रेमापुढं नरम झालाय आणि गायला शिकतोय. लग्नाची एवढी गोड पत्रिका मी दुसरी पाहिली नाही. आणि पुढच्या बाजूला, चेहऱ्याच्या वर, बारीक अक्षरात लिहिलंय की हा अरागॉनच्या राजाचा जावई, म्हणजे प्रेम आपल्या जागी पण सासरा कोणे ते पण जगाला कळालं पाहिजे.

तो सासरा म्हणजे अरागॉन आणि नेपल्स दोन्हीचा राजा अल्फोन्सो. त्याच्या १४४९ च्या मेडलच्या मागं गरुड बसलाय, समोर मारलेलं हरीण, आणि भोवती छोटे शिकारी पक्षी आपल्या वाट्याची वाट बघत. शब्द लॅटिनमधे, त्यांचा अर्थ राजाचं औदार्य. बघायला छान, पण लेकरांना मी हे पण विचारते की हरणाच्या बाजूनं बघितलं तर? कारण ही मेडल राजांनी स्वतः पैसे देऊन करून घेतलेली आहेत, ती खोटं बोलतात असं नाही पण स्वतःबद्दल जे पाहिजे तेवढंच बोलतात. रिमिनीचा राज्यकर्ता सिजिस्मोंदो मालातेस्ता तर आपली मेडल आपल्याच इमारतींच्या पायात आणि भिंतीत पुरून ठेवायचा, पुढं कधी भिंत पडली तरी चेहरा सापडला पाहिजे म्हणून, आणि खरंच ती नंतर दुरुस्तीच्या वेळी सापडलीत. त्याच सिजिस्मोंदोचा पोपनं १४६२ मधे रोममधे पुतळा करून जाळला होता. एकाच माणसाचे दोन पुतळे, एक रस्त्यात जळलेला आणि एक भिंतीत जपलेला.

आणि सगळ्यात विचार करायला लावणारी गोष्ट ही की ज्या सम्राटापासून हे सुरू झालं त्याची राजधानी कॉन्स्टँटिनोपल १४५३ मधे ऑटोमन सुलतान दुसऱ्या मेहमदनं जिंकली, आणि पुढं त्याच मेहमदनं इटलीतून कलाकार बोलावले, व्हेनिसहून जेंतिले बेल्लिनी १४७९ मधे गेला, आणि मेहमदची पण मेडल झाली. बेल्लिनीच्या मेडलच्या मागं वर खाली ठेवलेले तीन मुकुट आहेत. कोस्तांझो दा फेरारा नावाच्या कलाकारानं केलेल्या मेडलच्या मागं सुलतान घोड्यावर. हरलेल्या राज्याचा सम्राट पण घोड्यावर, जिंकलेला पण घोड्यावर. दोन्ही फोटो शेजारी ठेवून बघा, एकात माणूस हात जोडून थांबलाय आणि दुसऱ्यात चाललाय.

एवढं बघून झालं की माणूस निवडायचा. आम्ही मलिक अंबर निवडला. आपल्याकडं राजे खूप पण ज्यांचा त्याच काळात काढलेला, बाजूनं दिसणारा चेहरा मिळतो असे कमी, आणि मेडलला तोच लागतो, कारण ही सगळी पद्धत रोमन नाण्यांवरून आलेली आणि रोमन नाण्यावर बादशहा बाजूनंच दिसतो. मलिक अंबरचं मुघल चित्रकार हाशिमनं काढलेलं चित्र लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधे आहे. इथिओपियातून गुलाम म्हणून विकला गेलेला माणूस, निजामशाहीचा पेशवा झाला, जहांगीरला आयुष्यभर दख्खनमधे पाय रोवू दिला नाही, खडकी वसवली म्हणजे आजचं आपलं छत्रपती संभाजीनगर, आणि १६२६ मधे गेला, कबर खुलताबादला. तो स्वतः राजा म्हणून तख्तावर बसला नाही, पण राज्य चालवलं त्यानंच. एक योगायोग सांगते, जहांगीरनं १६११ च्या सुमाराला स्वतःच्या चेहऱ्याच्या सोन्याच्या मोहरा पाडल्या होत्या आणि त्या मर्जीतल्या सरदारांना द्यायचा, म्हणजे इटलीतल्या मेडलसारखंच काम. मलिक अंबरचं तसं काही नाही. म्हणून मला वाटलं हे आपण करावं, आणि परभणीतून संभाजीनगरला जाऊन लेकरांना मलिक अंबरनंच बांधलेला भडकल दरवाजा दाखवून आणला.

तुम्हाला दुसरं कुणी करायचं असेल तर करा, आजोबांचं करा, गावच्या जुन्या गुरुजींचं करा. फक्त फोटो बाजूनं काढलेला पाहिजे, आणि कुठल्या बाजूनं ते नीट ठरवा. इटलीतल्या उर्बिनोचा राज्यकर्ता फेदेरिको दा माँतेफेल्त्रो याचा उजवा डोळा भाल्यांच्या खेळात गेला होता म्हणून त्याच्या चित्रात आणि मेडलवर कायम डावी बाजू दिसते. प्रत्येक माणसाची एक बाजू जास्त बोलकी असते, दोन्हीकडचे फोटो काढून शेजारी ठेवले की लगेच कळतं.

आता माझं सगळ्यात ठाम मत. मागची बाजू आधी ठरवा. सगळे जण चेहऱ्यापासून सुरू करतात, मी पण पहिल्या वर्षी तसंच केलं, चेहरा करण्यात सगळी सुट्टी गेली आणि मागं घाईघाईत एक तलवार न् ढाल आली जी कुठल्याही राजाच्या मागं चालली असती. चेहरा फक्त कोण ते सांगतो. हा माणूस कशासाठी आठवायचा ते मागची बाजू सांगते, आणि ते तुम्हाला ठरवता आलं नाही तर चेहऱ्यात पण जीव येत नाही, कपाळावर आठी द्यायची का ओठ मिटलेले ठेवायचे हे सगळं त्याच्यावरून ठरतं.

लेकरांनी आधी घोडा, किल्ला, गनिमी कावा असं सगळं सुचवलं. मग एका मुलीनं विचारलं, मॅडम त्या शहरात पाणी कुठून यायचं. नहर-ए-अंबरी! डोंगराकडचं पाणी जमिनीखालून बांधलेल्या नहरीतून शहरात आणलं होतं मलिक अंबरनं. मराठवाड्यातल्या लेकराला पाण्याचं महत्त्व सांगावं लागत नाही, टँकर आला की कळशी घेऊन पळणारी लेकरं आहेत ही. तिनं काढलेलं चित्र असं, मधोमध एक आडवी रेघ म्हणजे जमीन, वर भडकल दरवाजाची कमान, रेघेखाली नुसतं वाहतं पाणी, आणि कमानीत एक कळशी ठेवलेली. बास. दुसऱ्या एका पोरानं नावावरून खेळ केला, लिओनेल्लोच्या सिंहासारखा, अंबर म्हणजे आभाळ म्हणून वर ढग आणि खाली पाणी. मी त्याला सांगितलं की हे अंबर आपलं मराठीतलं नाही, अरबीतलंय, व्हेलपासून मिळणाऱ्या सुगंधी पदार्थाला म्हणतात. तो म्हणला, पण मॅडम आपल्याकडं वाचणाऱ्याला आभाळच कळणार ना. मी ते राहू दिलं. दोन्ही मेडल आम्ही केली आणि दोन्ही चांगली झाली.

चित्र ठरवताना एक नियम पाळा, दहा सेंटीमीटरच्या गोलात तीनपेक्षा जास्त वस्तू नकोत. आणि रिकामी जागा राहू द्या, पिसानेल्लोची सगळी ताकद त्या रिकाम्या जागेत आहे.

मेण. मधमाशीचं पिवळं मेण घ्या, मेणबत्तीचं नको, ते ठिसूळ असतं आणि त्याच्या पापड्या निघतात. इथं आपला मोठा प्रॉब्लेम उन्हाचा. एप्रिल मे मधे परभणीत पारा बेचाळीस त्रेचाळीसला जातो, मेण वितळत नाही एवढ्यात पण इतकं मऊ होतं की बोट लागलं की नाक वाकडं. आमच्या पहिल्या वर्षीचे चार चेहरे दुपारी पत्र्याच्या खोलीत ठेवले होते ते संध्याकाळपर्यंत गालातून खाली सरकले, एक पोरगी रडली, तेव्हापासून शिस्त लावली. सकाळी सहा ते साडेनऊ काम, नंतर पाट्या माठाच्या शेजारी ओल्या पोत्याच्या सावलीत. आणि मेणात राळ घालायची, किराणा किंवा पूजा साहित्याच्या दुकानात मिळते. शंभर ग्रॅम मेणाला पंधरा ते वीस ग्रॅम राळ कुटून, थंडीच्या दिवसात करणार असाल तर दहा ग्रॅम पुरे. वितळवताना डायरेक्ट गॅसवर भांडं ठेवू नका, मेण पेट घेतं, मोठ्या पातेल्यात पाणी आणि त्यात छोटं भांडं असं करा. रंगासाठी चिमूटभर गेरू घातला तर उठाव जास्त चांगला दिसतो.

कंपासनं पाटीवर दहा सेंटीमीटरचा गोल काढा, आत अक्षरांसाठी दुसरा गोल साडेआठचा. चेहऱ्याची बाहेरची रेघ ट्रेस करून पाटीवर घ्या. मग मेणाच्या छोट्या छोट्या गोळ्या, ज्वारीच्या दाण्याएवढ्या, बोटानं दाबत दाबत आतून बाहेर भरत जायचं. सगळं एकदम थापू नका. पहिला थर एक मिलिमीटर, सगळ्या चेहऱ्यावर सारखा. मग गाल, कान आणि पागोटं यांचा दुसरा थर. सगळ्यात उंच जागा चार मिलिमीटरच्या पुढं जाऊ देऊ नका. उठावाच्या कामात लोकांची जी मुख्य चूक होते ती ही की खऱ्या चेहऱ्याएवढी खोली आणायला बघतात, आणि मग मेडलवर बटाटा चिकटवल्यासारखं दिसतं. खरी खोली नसतेच इथं, गालाचं हाड आणि कानाच्या पाळीत अर्ध्या मिलिमीटरचा फरक ठेवला तरी उन्हाच्या तिरक्या प्रकाशात ते भरपूर दिसतं. म्हणून काम करताना उजेड एका बाजूनं घ्या, खिडकीपाशी बसा, डोक्यावरच्या ट्यूबलाइटखाली काही कळत नाही.

हत्यारं विकत घ्यायची गरज नाही. सायकलची तार ठोकून चपटी केलेली, दाभण, बाभळीचा काटा, जुन्या कंगव्याचा दात. बाभळीचा काटा डोळ्याच्या पापणीला इतका छान चालतो की मी आता तोच वापरते. अवजार ओलं ठेवा, म्हणजे मेण चिकटत नाही.

आणि खाच आत जाऊ देऊ नका. म्हणजे नाकाच्या खाली, दाढीच्या मागं कुठंही मेण पोकळ राहिलं आणि वरचा भाग छपरासारखा पुढं आला, तर तिथं प्लास्टर अडकतं आणि साचा काढताना नाक तुटून येतं. प्रत्येक कड पाटीकडं उतरती पाहिजे. पूर्ण झाल्यावर मोबाइलचा टॉर्च बरोबर वरून, सरळ धरा, जिथं काळी सावली पडेल तिथं खाच आहे, भरून टाका.

मागच्या बाजूची दुसरी पाटी. हे दोन वेगळे नमुने आहेत, शेवटी पाठीला पाठ लावून जोडायचेत.

अक्षरांबद्दल जरा जास्त लिहिते कारण हे मला कुठं आयतं मिळालं नाही. इटलीतल्या मेडलवर लॅटिन किंवा ग्रीक अक्षरं असतात, सुटी सुटी, गोलात बसवायला सोपी. आपल्या देवनागरीला शिरोरेघ आहे. शब्द घड्याळाच्या काट्यासारखा फिरवला तर शिरोरेघ बाहेरच्या बाजूला येते आणि गोल कमानीसारखी वाकते, आणि हेच वापरून घ्या, शिरोरेघ तुमच्या मेडलची आतली किनार होऊन जाते, वेगळी किनार काढायची गरज नाही. पण वरच्या वेलांट्या, मात्रा, अनुस्वार रेघेच्या बाहेर जातात, त्यांना तीन मिलिमीटर जागा सोडा नाहीतर अंबरचा अनुस्वार कडेला घासून जातो आणि अबर होतं. साडेआठच्या गोलाचा घेर होतो जवळपास सत्तावीस सेंटीमीटर, एका अक्षराला एक सेंटीमीटर धरला तर मोकळी जागा धरून पंचवीस अक्षरांच्या आत मजकूर बसवा. आम्ही पुढं लिहिलं, मलिक अंबर, खडकी १६१०. एवढंच. पदव्या नको, हा माझा आग्रह.

मेणात बारीक अक्षरं उठवणं लेकरांना जमत नाही, म्हणून आम्ही अक्षरं साच्यात कोरतो. मेणावर प्लास्टरचा साचा काढला की तो उलटा, खोलगट येतो. त्यात बाभळीच्या काट्यानं नाहीतर जाड सुईनं अक्षरं खोल कोरली की पुढच्या ओतात ती उठून येतात. फक्त साच्यात अक्षरं आरशासारखी उलटी कोरायला लागतात. बटर पेपरवर सरळ लिहा, कागद पालथा करा, मागून गिरवा. आणि कोरायच्या आधी दुसऱ्या माणसाकडून आरसा धरून वाचून घ्या, आपलं आपल्याला चुकलेलं दिसत नाही.

साच्यासाठी भिंत पाहिजे. शेतात ठिबकच्या, बोअरच्या कामातून उरलेला चार इंची पीव्हीसी पाइप कुणाकडं पण पडलेला असतो, त्याची चार सेंटीमीटर उंचीची कडी कापून घ्या, आतला व्यास दहा सेंटीमीटरपेक्षा जरासा जास्त भरतो, बरोबर बसतो. पाटीवर ठेवून बाहेरून कणीक नाहीतर काळ्या मातीचा बांध घाला, म्हणजे गळत नाही. पीओपी म्हणजे प्लास्टर ऑफ पॅरिस ताजं घ्या, उघडं पडलेलं पोतं ओल खाऊन मेलेलं असतं. माठातलं थंड पाणी आधी, त्यात पीओपी मुठीनं शिंपडत जा, वजनानं दहा भाग पीओपीला सात भाग पाणी. पाण्यावर छोटी बेटं दिसायला लागली की थांबा, मिनिटभर भिजू द्या, मग हळू हलवा. पहिला पातळ थर मऊ ब्रशनं चेहऱ्यावर लावून फुंकर मारा, म्हणजे डोळ्यात नाकात बुडबुडे राहत नाहीत, मग बाकीचं ओता. प्लास्टर घट्ट होताना चांगलं गरम होतं, म्हणून लेकरांना हात आत घालू देऊ नका, चटका बसतो. अर्ध्या पाऊण तासानं उचला. मेण बहुतेक साच्यातच अडकून येतं, गार पाण्यात बुडवून दाभणानं सावकाश काढा.

अक्षरं कोरून झाली की साचा दोन तीन दिवस सावलीत वाळवा, साबणाचं घट्ट पाणी तीन वेळा लावा, वर तेलाचं एक बोट, आणि त्यात परत प्लास्टर ओता, पातळ, पाच सहा मिलिमीटर. हा तुमचा सरळ चेहरा. मागचा भाग काचेवर ओला पॉलिश पेपर ठेवून घासून पातळ करा आणि दोन्ही बाजू पाठीला पाठ लावून ॲरल्डाइटनं जोडा. जोडताना पुस्तकाचं पान उलटल्यासारखं मेडल फिरवून बघा, दोन्हीकडं डोकं वर आलं पाहिजे. वर सुतार वापरतात त्या चपड्याच्या पॉलिशचे दोन हात द्या.

इथं थांबलात तरी चालतं. प्लास्टरच्या मेडलला गेरू न् मेण घासलं की भाजलेल्या मातीसारखं सुंदर दिसतं. पण एकदा तरी धातूत करून बघा, हातात ते वजन आलं की गोष्टच वेगळी.

धातूसाठी ओताऱ्याकडं जावं लागतं, देवाचे टाक, घंटा, समई ओतणारे. घरी भट्टी लावायचं मनात पण आणू नका. जुने कलाकार शिशात चाचणीचा ओत काढायचे, ते पण आपण करायचं नाही, शिसं विषारी आहे आणि लेकरं हात लावणारच. खरी इटालियन मेडल बहुतेक काशाच्या जातीच्या धातूची, तांबं आणि कथील. आपल्याकडं पितळ सहज मिळतं, आम्ही तेच करतो. दहा सेंटीमीटर व्यास आणि सरासरी सहा मिलिमीटर जाडी धरली तर वजन चारशे ग्रॅमच्या आसपास भरतं, तेवढ्या पितळेचा आणि मजुरीचा हिशोब आधी बोलून घ्या.

ओतारी मामा तुमचा नमुना बारीक वाळूमातीच्या दोन पेट्यांत दाबतात, नमुना काढतात, पितळ जायला वाट आणि हवा निघायला दुसरी वाट ठेवतात, आणि मुशीतून रस ओततात. लेकरांना लांबून बघू द्या. त्यांना दोन गोष्टी मात्र नक्की सांगा. एक, चेहऱ्यावर कानस मारायची नाही. एका ठिकाणी आमच्या मेडलची पापणी आणि मिशी चकचकीत करण्याच्या नादात घासून सपाट करून दिली होती, त्यांनी प्रेमानंच केलं पण तीन आठवड्यांचं काम गेलं. दुसरी, रस यायची वाट कडेला खालच्या बाजूला ठेवा, जिथं अक्षर नाही.

पितळ गार होताना आकसतं, शंभर मिलिमीटरचा नमुना साडेअठ्ठ्याण्णवच्या आसपास येतो. म्हणून तुमचं मेडल कमी भरलं तर ओताऱ्यावर शंका घेऊ नका. आणि याच गोष्टीवरून म्युझियमवाले जुनं मेडल पहिल्या ओताचं आहे का नंतर त्याच्यावरून साचा काढून केलेली नक्कल आहे ते ओळखायचा प्रयत्न करतात. नक्कल मूळ मेडलपेक्षा जराशी लहान भरते, तिच्या अक्षरांच्या कडा बोथट असतात, केसांच्या रेघा भरून गेलेल्या. फोटोत दोन प्रतींची मापं दिलेली असतात ती ताडून बघा, फार मजा येते.

आल्यावर कडेची वाट कापा, कड कानसेनं गोल करा, चिंच लावून धुवा. नवीन पितळ पिवळं जर्द असतं आणि त्या चकाकीत चेहरा दिसतच नाही. काजळ आणि मेण एकत्र गरम करून सगळीकडं चोळा, मग सुती फडक्यानं वरवरचं पुसा, खोलगट जागेत काळं राहतं आणि गाल, कपाळ, अक्षरं उजळ निघतात.

सही राहिली. सम्राट जॉनच्या त्या पहिल्या मेडलवर पिसानेल्लोनं लॅटिन आणि ग्रीक दोन्हीत लिहिलंय, चित्रकार पिसानोचं काम. शिल्पकार नाही लिहिलं, चित्रकार लिहिलं, धातूत काम करून पण. आमची लेकरं मागच्या बाजूला जमिनीच्या रेघेखाली, पाण्याच्या लाटेत, आपलं नाव आणि साल बारीक कोरतात, तेवढी जागा चित्र ठरवतानाच सोडून ठेवा, नंतर सापडत नाही. साचा फेकू नका, प्लास्टरच्या एका साच्यातून नीट साबण लावला तर पाच सहा तरी ओत निघतात. आणि मूळ मेणाचं जेवढं शाबूत निघालं असेल ते डब्यात कापूस घालून फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात ठेवा, जून उजाडेपर्यंत तरी बाहेर काढू नका.